भयपटाचा आरंभ आणि पाहण्याचे शिक्षण : खान्देशातील महाविद्यालयीन वर्गाच्या संदर्भात

प्रास्ताविक

चित्रपट हे माध्यम महाविद्यालयाच्या वर्गात आज दोन वाटांनी आले आहे. पहिली वाट साहित्याची. कादंबरीचे किंवा कथेचे माध्यमांतर शिकवताना चित्रपटाचा विचार अपरिहार्यपणे करावा लागतो. दुसरी वाट जनसंज्ञापनाची आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ज्यांना अधिक स्थान मिळाले त्या कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांची. या दोन्ही वाटांवर एक अडचण समान आहे. विद्यार्थी चित्रपटाविषयी बोलू लागला की तो कथानकाविषयी बोलतो; ते कथानक कोणत्या चौकटीतून, कोणत्या आवाजाच्या साहाय्याने आणि किती वेळात आपल्यापर्यंत पोहोचले, याविषयी त्याला बोलता येत नाही. त्याच्या खिशात कॅमेरा आहे, दिवसाकाठी तो शेकडो दृश्ये पाहतो. परंतु पाहिलेल्या दृश्याची उकल करण्याची परिभाषा त्याच्याकडे नाही.

ही परिभाषा देणारा एक मर्यादित पाठघटक प्रस्तुत लेखात मांडला आहे. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाने भयपटाच्या दोन मिनिटांच्या आरंभदृश्याचा आराखडा तयार करणे, असे त्याचे स्वरूप आहे. या घटकातून चित्रतंत्राची ओळख होते, हे उघडच आहे. परंतु प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन त्याहून थोडे पुढचे आहे. भय रचायला शिकणारा विद्यार्थी त्याच वेळी रचलेले भय ओळखायलाही शिकतो, आणि धुळे जिल्ह्यात २०१८ साली जे घडले ते पाहता हे दुसरे शिक्षण पहिल्याहून अधिक निकडीचे आहे.

आरंभदृश्यच का ?

संपूर्ण लघुपट करावयास सांगितला की विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळ कथानक जुळवण्यात आणि संवाद लिहिण्यात जातो. आरंभदृश्यास कथानक पुरे करण्याचे बंधन नसते. एक प्रश्न निर्माण करणे आणि त्याचे उत्तर रोखून धरणे एवढेच त्याचे काम असते. त्यामुळे लक्ष आपोआप तंत्राकडे वळते.

भयपटच का, या प्रश्नाचे उत्तरही व्यावहारिक आहे. करुण दृश्य परिणामकारक झाले की नाही, यावर वर्गात मतभेद संभवतात. भयाच्या बाबतीत परिणाम तत्काळ दिसतो. प्रेक्षक सावरून बसला किंवा हसला, यांपैकी एक घडते. आणि हसला असेल तर कोणत्या क्षणी हसला, हे शोधता येते. म्हणजे तंत्राचा दोष नेमका दाखवता येईल असा हा प्रकार आहे.

मराठीच्या अध्यापकास या घटकात आणखी एक सोय आहे. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या लेखनामुळे मराठीत भयकथा व गूढकथा यांची सलग परंपरा आहे आणि विद्यार्थ्यांना ती वाचनातून परिचित असते. कथालेखकास पात्राच्या मनात शिरता येते. आपल्यामागे कोणीतरी उभे आहे असे नायकाला वाटले, असे लेखक एका वाक्यात सांगू शकतो. कॅमेऱ्याला हे वाक्य चित्रित करता येत नाही. त्याला पाठमोरा माणूस दाखवावा लागेल, त्याच्या मागे मोकळी जागा ठेवावी लागेल आणि त्या जागेत काय दिसावे किंवा काय दिसू नये, हे ठरवावे लागेल. असे एखादे वाक्य दृश्यांत रूपांतरित करावयास सांगणे, हा या घटकाचा पहिला स्वाध्याय ठरू शकतो. साहित्य आणि चित्रपट यांतील भेद विद्यार्थ्यास व्याख्येतून जितका समजत नाही, तितका या एका वाक्यातून समजतो.

चौकटीच्या आत आणि बाहेर

विद्यार्थ्यांच्या पहिल्या आराखड्यात बहुधा भूत पहिल्याच मिनिटात प्रत्यक्ष अवतरते. पांढरी साडी, मोकळे केस, पैंजणांचा आवाज आणि किंकाळी ही सामग्री दूरचित्रवाणी मालिकांतून आलेली असते. येथे अध्यापकाने हाती घ्यावयाचा पहिला मुद्दा असा की, चौकट ही जितकी दाखवण्याची तितकीच लपवण्याचीही सोय आहे.

याचे वर्गात दाखवण्याजोगे उत्तम उदाहरण म्हणजे फ्रिट्झ लँग या दिग्दर्शकाचा ‘एम’ (१९३१) हा जर्मन चित्रपट. रूढ अर्थाने तो भयपट नव्हे. परंतु त्याच्या आरंभात भयनिर्मितीची जवळजवळ सर्व तंत्रे आढळतात. पडदा काळा असतानाच मुलांच्या खेळातील गाण्याचा आवाज येतो. पुढे एक लहान मुलगी जाहिरातींच्या खांबावर चेंडू आपटत असते. त्या खांबावर बालकांच्या खुन्याची माहिती मागणारे पत्रक डकवलेले आहे, आणि त्या पत्रकावर एका माणसाची सावली पडते. इकडे आई जेवणाचे ताट मांडून वाट पाहत आहे. ती हाक मारते आणि हाकेला उत्तर म्हणून रिकामा जिना, रिकामा पोटमाळा, रिकामे ताट एवढेच पडद्यावर येते. अखेरीस गवतातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा दिसतो. हत्या दाखवलेली नाही, हत्याऱ्याचा चेहराही दाखवलेला नाही. तरीही काय घडले, याविषयी प्रेक्षकाच्या मनात शंका उरत नाही. दिग्दर्शकाने मोकळ्या सोडलेल्या जागा प्रेक्षकाने स्वतःच्या भीतीने भरल्या आहेत.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ (१९७५) या चित्रपटाचा आरंभ याच तत्त्वावर उभा आहे. रात्री समुद्रात पोहणारी तरुणी अचानक खाली खेचली जाते. शार्क मात्र दिसत नाही. यांत्रिक शार्क चित्रीकरणाच्या वेळी वारंवार बिघडत असल्याने त्याचे दर्शन लांबवणे भाग पडले, हे आता सर्वज्ञात आहे. साधनांच्या अभावामुळे चित्रपट अधिक परिणामकारक झाला, ही गोष्ट साधने नसलेल्या महाविद्यालयाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

कोणाच्या डोळ्यांनी ?

दुसरा मुद्दा दृष्टिकोनाचा. कॅमेरा कोणाच्या जागी उभा आहे, हा प्रश्न प्रत्येक दृश्यास विचारता येतो. जॉन कारपेंटर यांच्या ‘हॅलोविन’ (१९७८) या चित्रपटाच्या आरंभी कॅमेरा एका घराभोवती फिरतो, खिडकीतून डोकावतो, स्वयंपाकघरात शिरून सुरी उचलतो, जिना चढतो. मध्येच मुखवटा चढवला जातो आणि पुढचे सर्व त्याच्या दोन छिद्रांतून दिसू लागते. हत्या होईपर्यंत आपण हत्याऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. त्यानंतर कॅमेरा प्रथमच समोर येतो, मुखवटा काढला जातो आणि आत सहा वर्षांचा मुलगा निघतो.

हे दृश्य दाखवून झाल्यावर वर्गात चर्चा करावी ती धक्क्याची नव्हे. आपण इतका वेळ कोणाच्या बाजूने उभे होतो आणि ते आपल्याला का कळले नाही, ही चर्चा महत्त्वाची. कॅमेऱ्याची जागा हीच प्रेक्षकाची बाजू ठरवते, हे सूत्र येथे विद्यार्थ्यास स्वानुभवाने मिळते. लेखाच्या उत्तरार्धात या सूत्राकडे पुन्हा यावे लागणार आहे.

आवाजाचे अंतर

भय डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक येते. डोळा समोरचेच पाहतो, कान मात्र पाठीमागचेही ऐकतात. विद्यार्थी मात्र आवाज हा शेवटी जोडावयाचा भाग समजतात आणि आयते पार्श्वसंगीत चिकटवतात. आवाजाचा विचार आराखड्यातच झाला पाहिजे, हे पटवण्यासाठी आपल्याच चित्रपटसृष्टीतील ‘महल’ (१९४९) हे उदाहरण पुरेसे आहे. कमाल अमरोही दिग्दर्शित या चित्रपटाचा आरंभ पावसाळी रात्री, ओस पडलेल्या हवेलीत होतो, आणि माळ्याच्या तोंडून त्या वास्तूची पूर्वकथा ऐकू येते. पुढे याच चित्रपटातील ‘आएगा आनेवाला’ या गीताच्या ध्वनिमुद्रणाविषयी लता मंगेशकर यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून त्या ध्वनिक्षेपकापासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात त्याच्याकडे चालत आल्या. आज कोणताही विद्यार्थी दोन मोबाईल आणि एक लांब व्हरांडा यांच्या साहाय्याने हा प्रयोग करू शकतो. एकच हाक दोन हातांवरून, वीस हातांवरून आणि भिंतीपलीकडून मुद्रित करून ऐकवली की, आवाजालाही चौकट आणि अंतर असते, हे ध्यानी येते.

आवाजाइतकाच महत्त्वाचा त्याचा अभाव. सतत चालू असलेला आवाज आपण ऐकेनासे होतो आणि तो थांबला की दचकतो. या साध्या निरीक्षणाचा उपयोग पुढे दिलेल्या नमुना आराखड्यात केला आहे.

संकलन आणि वेळ

दोन दृश्ये शेजारी ठेवली की तिसरा अर्थ निर्माण होतो, हे संकलनाचे मूलतत्त्व होय. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग यासाठी वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे कधी जेवणाची वाटी, कधी शवपेटी जोडली असता प्रेक्षकास त्या चेहऱ्यावर कधी भूक तर कधी शोक दिसतो. विद्यार्थ्याने मित्राच्या स्थिर चेहऱ्यापुढे एकदा दार आणि एकदा परीक्षेचा निकाल जोडून दाखवला, तरी मुद्दा सिद्ध होतो.

वेळेच्या संदर्भात आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रूफो यांच्याशी झालेल्या संवादात केलेला भेद आजही उपयुक्त आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकास माहीत नसेल, तर स्फोट झाल्यावर काही क्षणांचे आश्चर्य मिळते. तेच प्रेक्षकास आधी सांगितले आणि पात्रांना सांगितले नाही, तर त्यांच्या निरर्थक गप्पांचा प्रत्येक क्षण तणावाचा होतो. म्हणून आराखड्यातील प्रत्येक दृश्यापुढे दोन रकाने असावेत : प्रेक्षकास आता काय माहीत आहे आणि पात्रास काय माहीत आहे. हे दोन रकाने भरता आले की आराखड्याचे अर्धे काम झाले.

स्थळाचे भान

परिणामकारक भयपटाचे भय त्याच्या भूमीतून आलेले असते. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटात अखंड कोसळणारा पाऊस हा केवळ वातावरणाचा भाग नाही, तर कथेतील शापाचेच ते रूप आहे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या मराठी चित्रपटात उसाचे शेत हाच चकवा होतो. दोन्ही ठिकाणी परिचित भूमी अनोळखी करून दाखवली आहे. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याने मात्र आपल्या आराखड्यात धुके, डोंगरावरचा बंगला आणि पाश्चात्त्य धाटणीची दफनभूमी आणावी, ही खेदाची बाब आहे. त्याच्याभोवती रावेर-यावलच्या केळीच्या बागा आहेत, हंगाम संपलेल्या जिनिंगचे ओस आवार आहे, तापीचे रुंद पात्र आहे आणि उन्हाळ्यातील दुपारचा असा निर्मनुष्य प्रहर आहे, की भय वाटण्यास रात्रीची गरजच पडू नये.

नमुन्यादाखल केळीच्या बागेतील एक आराखडा पुढे दिला आहे. शेतीपंपासाठी वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते आणि पाणी देण्यासाठी शेतकऱ्यास अवेळी शेतात जावे लागते, या परिचित वास्तवावर तो आधारलेला आहे.

१. पडदा काळा. फक्त रातकिड्यांचा आवाज. (६ सेकंद)
२. क्लोज-अप. मोटारीच्या स्टार्टर पेटीवर तीन फेजचे तीन दिवे लागतात : लाल, पिवळा, निळा. बोट हिरवे बटण दाबते. मोटारीची घरघर सुरू होते आणि पुढे सर्व दृश्यांखाली ती चालूच राहते. (१० सेकंद)
३. दूरदृश्य. बागेची काळी कड. विजेरीच्या प्रकाशाचा ठिपका आत शिरतो व दिसेनासा होतो. (१४ सेकंद)
४. शेतकऱ्याच्या दृष्टिकोनातून. विजेरीच्या झोतात येईल तेवढेच दिसते : पाने, खोड, ठिबकच्या नळ्या, पुन्हा पाने. (२५ सेकंद)
५. क्लोज-अप. तो वाकून नळीचे छिद्र साफ करतो. थेंब पडू लागतात. (१५ सेकंद)
६. त्याच चौकटीत. मोटारीची घरघर थांबते. हात थबकतो. (१० सेकंद)
७. मध्यदृश्य. तो वीज गेली असे समजून वैतागतो आणि परत निघतो. विजेरीचा झोत या वेळी खाली, वाटेवर. (२० सेकंद)
८. दूरदृश्य. बागेच्या कडेवरून दिसणारी स्टार्टर पेटी. तीनही दिवे लागलेले आहेत. (१२ सेकंद)
९. त्याचा चेहरा. तो विजेरी विझवतो. पडदा काळा. (८ सेकंद)

या आराखड्यात भूत नाही. वीज आहे आणि तरीही मोटार बंद आहे, म्हणजे कोणीतरी ती बंद केली असावी, एवढाच निष्कर्ष प्रेक्षकाने काढावयाचा आहे. दुसऱ्या दृश्यात दिव्यांची ओळख करून दिली नसती, तर आठवे दृश्य शहरी प्रेक्षकास कळले नसते. पुढे उपयोगी पडणारी माहिती आधी सहजपणे पेरून ठेवणे म्हणजे काय, हे या दोन दृश्यांच्या जोडीवरून शिकवता येते. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी येथे हमखास आक्षेप घेईल की, भार वाढल्यामुळेही मोटार आपोआप बंद पडते. हा आक्षेप स्वागतार्ह आहे. नैसर्गिक स्पष्टीकरण शक्य असणे आणि तरीही ते पुरेसे न वाटणे, हीच भयाची खरी जागा होय. शिवाय ज्या विद्यार्थ्यास इंग्रजी परिभाषेमुळे वर्गात मागे राहावे लागते, तोच या चर्चेत सर्वांचा मार्गदर्शक ठरतो.

चित्रीकरण करावयाचे झाल्यास काही दक्षता आवश्यक आहेत. मोबाईलचा कॅमेरा पूर्ण अंधारात दाणेदार, धूसर चित्र देतो. त्यामुळे सूर्यास्तानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत, प्रकाशमान हाताने कमी करून आणि स्थिर करून चित्रण केल्यास रात्रीचा आभास अधिक चांगला होतो. यामुळे विद्यार्थ्यांना अपरात्री बागेत नेण्याचा प्रश्नही मिटतो. रात्रीच्या शेतात साप आणि उघड्या वीजजोडण्या यांचा धोका असतो. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने घेतलेले बळीही या भागाच्या स्मरणात आहेत. शेतमालकाची अनुमती घ्यावी आणि स्टार्टर पेटीस मालकाखेरीज कोणी हात लावू नये.

साधनांचा प्रश्न अडसर मानू नये, याचा दाखला खान्देशाच्या वेशीवरच आहे. मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट तुटपुंज्या साधनांनिशी केला. तेथील चित्रनिर्मितीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट केला. क्रेन म्हणून बैलगाडी आणि सरकत्या कॅमेऱ्यासाठी सायकल, अशा युक्त्या त्यात पाहावयास मिळतात. तंत्र म्हणजे यंत्र नव्हे, हे समजण्यासाठी हा माहितीपट प्रत्येक वर्गास दाखवावा.

भय कोणाचे, कोणाविषयी ?

येथवरचा विचार तंत्राचा झाला. परंतु भयपटाच्या आराखड्यात एक जागा नेहमी रिकामी असते : ज्याचे भय वाटावयाचे तो कोण ? विद्यार्थी ही जागा आपल्या परिसरातील प्रचलित कल्पनांनी भरतात. कोणी डाकीण आणतो, कोणी झोळी घेतलेला अनोळखी भिक्षेकरी आणतो. या दोन्ही प्रतिमा खान्देशात निरुपद्रवी नाहीत.

सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात एखाद्या स्त्रीला डाकीण ठरवून तिचा छळ करण्याच्या, प्रसंगी जीव घेण्याच्या घटना घडत आल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा प्रथम अध्यादेशाच्या आणि त्याच वर्षी अधिनियमाच्या रूपाने आला, त्याच्या कक्षेत अशा छळाचाही समावेश आहे. ज्या वर्गात सातपुड्यातील गावांतून आलेले विद्यार्थी बसलेले आहेत, तेथे डाकिणीची भूमिका ही केवळ वेशभूषेची बाब राहत नाही.

दुसरी प्रतिमा अधिक विचार करावयास लावणारी आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षा मागून उदरनिर्वाह करणारे लोक होते. मुले पळवणारे फिरत आहेत, अशा आशयाचे संदेश व चित्रफिती त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून देशाच्या अनेक भागांत पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतातील वापरकर्त्यांसाठी संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक आपल्या विषयाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलास उचलतात आणि निघून जातात. मूळ चित्रफीत कराचीतील एका संस्थेच्या बालसुरक्षा मोहिमेसाठी तयार केलेली होती. तिच्या अखेरीस ते दोघे मुलास परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा संदेश दाखवतात. भारतात फिरलेल्या आवृत्तीतून हा शेवट कापलेला होता. उरले ते केवळ आरंभदृश्य : प्रश्न निर्माण करणारे आणि उत्तर रोखून धरणारे.

आता वर्गात शिकवलेली चारही सूत्रे या चित्रफितीस लावून पाहावीत. चौकट स्थिर आणि उंचावर आहे, म्हणजे ती पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यासारखी आहे. म्हणून ती खरी वाटते. दृष्टिकोन कोणाही व्यक्तीचा नाही. त्यामुळे हे कोणी रचले, हा प्रश्नच मनात येत नाही. संकलनाची एकच कात्री लागली आहे, पण तिने अर्थ उलटा केला आहे. आणि सोबत आलेल्या मजकुराने गाव व टोळी यांची नावे पुरवली की प्रेक्षक उरलेल्या जागा स्वतःच्या भीतीने भरतो. ‘एम’ या चित्रपटाच्या आरंभी जे घडते तेच येथे घडले आहे. फरक एवढाच की तेथे पुढे चित्रपट आहे आणि येथे पुढे बाजारात हिंडणारी माणसे आहेत.

डवरी हे नाव ज्या वाद्यावरून आले त्या डौराचा आवाज एखाद्या विद्यार्थ्याने आराखड्यात भयसूचक म्हणून वापरला, तर तंत्रदृष्ट्या तो योग्य ठरेल. आवाज आधी आणि माणूस नंतर, हे तत्त्व त्याने पाळलेले असेल. परंतु अध्यापकाने त्यास ‘हॅलोविन’च्या निमित्ताने मिळालेले सूत्र आठवून द्यावे. कॅमेरा दाराच्या आत, घाबरलेल्या घराच्या बाजूने उभा आहे. तोच बाहेर, झोळी घेतलेल्या माणसाच्या खांद्यामागे उभा केला तर काय दिसेल ? अनोळखी गाव, बंद होणारी दारे आणि हळूहळू जमणारी माणसे. तीच जागा, तोच आवाज, तेच दोन मिनिटे. भय मात्र दुसऱ्याचे. हे दोन्ही आराखडे एकाच गटाकडून करवून घेणे, हा या घटकाचा अंतिम स्वाध्याय असावा.

मूल्यमापन

आठ तासिकांत हा घटक पूर्ण होऊ शकतो : दोन तासिका दृश्ये पाहण्यासाठी, दोन वाक्यांतर व आवाजाच्या प्रयोगांसाठी, तीन आराखड्यासाठी आणि एक परस्पर वाचनासाठी. चित्रीकरण ऐच्छिक ठेवावे. गुण आराखड्यास आणि त्यासोबतच्या टिपणास द्यावेत. टिपणात चार प्रश्नांची उत्तरे अपेक्षित आहेत. प्रत्येक दृश्यात काय लपवले आहे ? कॅमेरा कोणाच्या बाजूने आहे ? कोणता आवाज नेमका कोठे थांबतो ? आणि यातील एक दृश्य काढून टाकले तर अर्थ कसा बदलेल ? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर लिहिलेल्या विद्यार्थ्याकडे अर्धवट कापलेली चित्रफीत आली, तर आधी काय होते आणि पुढे काय होते, असे विचारण्याची सवय त्याला लागलेली असेल, अशी अपेक्षा ठेवता येते.

निष्कर्ष

भयपटाच्या आरंभदृश्याचा आराखडा हा अल्प साधनांत व अल्प वेळेत चित्रतंत्राची चौकट, दृष्टिकोन, ध्वनी आणि संकलन ही चारही अंगे शिकवणारा पाठघटक आहे. तो स्थानिक भूमीत रोवल्यास ग्रामीण विद्यार्थ्याचे अनुभवज्ञान अध्ययनाचे साधन बनते. त्याचप्रमाणे भय कोणाविषयी निर्माण केले जात आहे, हा प्रश्न तंत्राच्या शिक्षणापासून वेगळा काढता येत नाही. राईनपाड्याच्या जमावातील किती जणांनी कोणती चित्रफीत पाहिली होती, याचा हिशेब न्यायालयाचा आहे. तसे संदेश ज्या हातांतून पुढे जातात, त्यांपैकी काही हात आपल्या वर्गात दररोज उपस्थिती देतात, हा हिशेब मात्र अध्यापकाचा आहे.